बाईंची तोंडी

शकीलाभाभी वर्गातून बाहेर आली ती पदराने मान पुसतच. व्हरांड्यातल्या बाकावर ताटकळलेल्या आम्ही सगळ्या उठलो आणि तिच्याभोवती गोळा झालो.

"काय इचारलं गं?"

"काय न्हाई इचारलं ते इचारा," ती भिंतीला टेकत म्हणाली. "चुलीच्या धुरावर प्रकल्प का केला, घरं कशी निवडली, बायकांनी खरं सांगितलं कशावरून. म्या म्हटलं, सर, आमच्या वाडीतल्या बायका माझ्याशी खोटं बोलत न्हाईत. तर म्हणत्यात, हे कशावरून? आता कशावरून ते काय कपाळ सांगू!"

"मग?"

"मग काय, असंच चाललं. शेवटाला म्हणले, हे तुम्ही स्वतः लिहिलंय की कुणाकडनं लिहून घेतलंय? तवा मात्र मला राग आला. म्हटलं, सर, रात्रीची भाकरी करपवून लिहिलंय. हसले वाईच."

बाकीच्या बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. मला मात्र बरं वाटलं. सर खरंच विचारत होते. म्हणजे मलाही विचारणार होते.

तालुक्याच्या कॉलेजात दर रविवारी आमचे वर्ग भरत. बाहेरून बी.ए. करणारे आम्ही सगळे घोडे. एसटीतला एक कंडक्टर, दूध संघातले दोन कारकून, एक होमगार्ड, आणि बाकी शकीलाभाभी धरून आम्ही अंगणवाडीच्या सेविका. कॉलेजातली पोरंपोरी आम्हाला 'रविवारची शाळा' म्हणायची. म्हणेनात का. नववीत असताना माझं लग्न लागलं आणि दप्तर माहेरच्या माळ्यावर गेलं. त्यानंतर चाळिशीला टेकल्यावर मी पुन्हा पेन धरलं. दहावी-बारावी नसलेल्यांना आधी पूर्वतयारीची परीक्षा द्यावी लागे. ती झाली. मग पहिलं वर्ष झालं. दुसऱ्या वर्षाला इंग्रजीने मला लोळवलं. निकाल कळला त्या संध्याकाळी आमच्या ह्यांनी पेढ्यांऐवजी फरसाण आणलं. "तिखट बातमीला तिखटच," म्हणाले. मी फरसाण खाल्लं, रडले आणि पुढच्या खेपेला पुन्हा बसले. दुसऱ्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्याचा प्रकल्प आमच्या केंद्रात घेत नसत. त्यापायी माझं एक वर्ष गेलं, पण इंग्रजी सुटलं.

ते गेलेलं वर्ष मला महागात पडणार होतं, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. आमच्या खात्यात पदवीधर सेविकांमधून मुख्यसेविका निवडत. अट होती पंचेचाळीसच्या आतल्या वयाची. मी चव्वेचाळीस ओलांडलेली. त्या उन्हाळ्यात निकाल लागला तर पावसाळ्यातल्या निवडीला मी उभी राहू शकत होते. त्यानंतरच्या निवडीला पदवी असली काय नि नसली काय, सारखंच.

मुख्यसेविका व्हायचं ते खुर्चीसाठी नव्हे, असं मी म्हणणार नाही. खुर्चीसाठीच व्हायचं होतं. वीस-एक वर्षं मी जमिनीवर सतरंजी टाकून पोरं सांभाळली. आमच्यावर देखरेखीला येणाऱ्या मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या. त्या जीपमधून उतरायच्या, नाकाला रुमाल लावायच्या आणि सांगायच्या, "जगदाळेबाई, पोरांचा रडण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. बरं दिसत नाही." नव्या पोरांना पहिला आठवडा रडू द्यावं लागतं, आईला दारात बसू द्यावं लागतं, हे त्यांना सांगून मी थकले होते. माझ्या सांगण्याला वजन नव्हतं. वजन यायला पदवी लागते, हे मला कळून चुकलं होतं.

म्हणून मी प्रकल्पही त्याच्यावरच केला. पहिल्या दिवशी रडणारी मुलं. आसपासच्या गावांतल्या अंगणवाड्या पायी फिरले. कोण पोर किती रडतं, कशाने थांबतं, घरून हातात काही घेऊन आलेलं पोर लवकर का थांबतं, असं सगळं लिहिलं. काही गोष्टी मलाच नीट उलगडल्या नव्हत्या. चुलत्याच्या कडेवरून आलेली पोरं सगळ्यांत जास्त का रडतात, ते काही केल्या माझ्या ध्यानात येईना. त्यावर कुणीतरी शिकलेल्या माणसाने मला विचारावं, मी चुकले तर सांगावं, असं फार वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ विचारण्यासारखं काहीतरी होतं.

"जगदाळे, रत्नमाला," आतून शिपायाने हाक मारली.

आत टेबलामागे पिंट्या बसला होता. आता तो प्राध्यापक सुहास लोखंडे, पण मी अंगणवाडी सुरू केली तेव्हाच्या पहिल्या पोरांतला हा पिंट्या. शेंबूड वरच्या ओठावर, चड्डी एका बाजूने घसरलेली. त्याची आई ऊसतोडीला जायची, म्हणून तो दिवसभर माझ्या पदराला धरून असायचा. पुढे शिकला, एम.ए. झाला, याच कॉलेजात तासिकेवर लागला आणि आमच्या केंद्राचा मार्गदर्शक झाला. चारचौघांत मी त्याला 'सर' म्हणत असे. तो मला 'बाई'च म्हणायचा. वर्गात मी हात वर केला की तो अर्धवट उठायचा, आणि सगळे हसायचे. मला त्याचं कौतुक वाटायचं. माणूस मोठा झाला तरी विसरला नाही, असं मी घरी येऊन सांगायची.

मला बघताच तो उठला आणि टेबलाला वळसा घालून आला. शिपायादेखत वाकून माझ्या पाया पडला. "बाई, तुम्ही इथं बसा," म्हणून स्वतःची खुर्ची पुढे केली आणि माझ्यासाठी ठेवलेल्या स्टुलावर आपण बसला.

"अहो सर, हे काय! मी परीक्षेला आलेय."

"बाई, तुमची काय परीक्षा घ्यायची? मला बोलायला कुणी शिकवलं? तुम्हीच. अन् मी तुमची तोंडी घेऊ?" तो शिपायाकडे वळला. "बाईंना चहा सांगा. साखर कमी."

"चहा नंतर घेईन. आधी विचारा."

"मार्क टाकलेत मी. सगळ्यांत जास्त तुम्हाला."

"मार्क राहू देत. अरे पिंट्या," मी आवाज खाली आणला, "माझी तयारी आहे. चार रात्री झोपले नाही. एक तरी प्रश्न विचार. चुलत्याच्या कडेवरून येणाऱ्या पोरांचं मी लिहिलंय, त्याच्यावर विचार."

"बाई, लाजवू नका," तो हात जोडून म्हणाला. डोळ्यांत पाणी आलेलं. खरं पाणी होतं ते, नाटक नव्हे. "माझी जीभ वळायची नाही. तुम्ही चहा घ्या."

प्रकल्पाची माझी वही त्याच्या कोपराखाली होती. वर लाल रेशमी दोरी बांधून दिली होती मी, तिची गाठ तशीच होती. मी चहा घेतला. दुसरं काय करणार? शिपाईसुद्धा भारावून उभा होता. ज्या घरात सगळे देवाच्या पाया पडतात तिथे देवाला भूक लागली का, हे कुणी विचारत नाही, तशी माझी गत झाली होती. मी बाहेर आले तेव्हा माझा चेहरा उतरला होता. बायकांना वाटलं, मला जड गेलं.

"काय झालं बाई? काय इचारलं?"

"काहीच नाही. चहा पाजला."

"आँ?"

मी सांगितलं. झालं, व्हरांडाभर कौतुक पसरलं. कंडक्टर म्हणाला, "याला म्हणायचं संस्कार." होमगार्डाने तिथल्या तिथे मला नमस्कार ठोकला. शकीलाभाभीने माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "नशीब लागतं बाई असला इद्यार्थी मिळायला."

दुपारी फाटकातून एक पांढरी गाडी आत आली. विद्यापीठाचं तपासणीचं पथक. एक टक्कल पडलेले साहेब आणि एक चष्मेवाल्या बाई. आधी न कळवता आले होते. पिंट्या आत कुणाची तरी तोंडी घेत होता. साहेब व्हरांड्यात थांबले आणि सहज विचारावं तसं म्हणाले, "काय, कशी चालली आहे तोंडी? अवघड प्रश्न विचारतात का सर?"

आणि माझ्या सगळ्या सोबतिणींनी एका सुरात, मोठ्या अभिमानाने सांगितलं.

"आम्हाला लई इचारलं साहेब," शकीलाभाभी पुढे झाली. "पण ह्या बाईंना एक सवाल केला न्हाई बघा. ह्या सरांच्या गुरू. अंगणवाडीत शिकवलंय त्यांना. सर पाया पडले, आपली खुर्ची दिली, अन् म्हणले, तुमची परीक्षा मी घेणार न्हाई. असला माणूस बघितला न्हाई आजवर!"

"हो का?" साहेब म्हणाले. "नाव काय बाईंचं?"

शकीलाभाभीने माझं पूर्ण नाव सांगितलं. गावासकट.

मी तिथेच उभी होते. साहेबांनी वहीत काही टिपलं तेव्हा हे काही ठीक नाही, हे माझ्या ध्यानात आलं. बाकी कुणाला काही कळलं नाही. घरी जाताना एसटीत शकीलाभाभी माझ्या शेजारी बसून केळं सोलत म्हणाली, "बघा, साहेबानीबी नाव लिहून घेतलं. बोलावतील एखाद्या कार्यक्रमाला."

निकाल लागला. सगळ्यांचा लागला. माझ्या नावापुढे 'राखीव' असा शब्द आला, आणि मागोमाग सुनावणीचं बोलावणं. तोंडी परीक्षेत गैरप्रकार. माझ्या नावावर गैरप्रकार!

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी पिंट्या घरी आला. दारात उभा राहिला. मी आत ये म्हटलं नाही, तरी आला आणि चुलीपाशी बसला.

"बाई, मी सगळं खरं सांगणार आहे. तुमचा यात काडीचा दोष नाही. तुम्ही तर विचार, विचार म्हणत होता."

"म्हणत होते ना?"

"होता. मी सांगतो. माझी चूक म्हणून सांगतो. तुम्ही काळजी करू नका."

"मला कळत नाही पिंट्या," मी म्हटलं, "तुला मी एवढी मोठी वाटते, तर मला नापास का नाही केलंस? इंग्रजीवाल्यांनी केलं. मी पुन्हा बसले. तू मला बसूच दिलं नाहीस."

आमचे हे बाहेरच्या ओट्यावरून म्हणाले, "अगं, जाऊ दे. पोरगं खरं सांगतो म्हणतंय ना." मी तव्याकडे वळले. खरं सांगितलं की माझी तोंडी पुन्हा घेतील, आठवड्यात निकाल मिळेल आणि निवडीला मी पोचेन, असा माझा हिशेब होता. तारीख अजून टळली नव्हती.

जिल्ह्याच्या ठिकाणी विद्यापीठाच्या कचेरीत मला आणि पिंट्याला एकत्रच आत बोलावलं. ते टक्कलवाले साहेब मध्ये, चष्मेवाल्या बाई एका बाजूला आणि आणखी एक म्हातारे गृहस्थ दुसऱ्या बाजूला. ते अध्यक्ष. पिंट्या इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. मला पुढे कळलं, त्याच महिन्यात कॉलेजातल्या कायम जागेसाठी त्याची मुलाखत होती.

"लोखंडे," अध्यक्षांनी विचारलं, "तोंडी न घेता गुण दिलेत, हे खरं?"

"खरं आहे सर."

"का दिलेत? विनंती कुणी केली का तुम्हाला?"

मी पिंट्याकडे बघत होते, तो टेबलाच्या कडेकडे.

"बाईंनी केली," तो म्हणाला. आवाज इतका हळू होता की चष्मेवाल्या बाईंनी "काय?" म्हणून पुन्हा विचारलं. "बाई म्हणाल्या, वयामुळे आता बोलताना अडखळायला होतं, सगळ्यांसमोर शोभा नको. माझ्या गुरू आहेत त्या सर. मला नाही म्हणता आलं नाही."

मला काही क्षण कळलंच नाही की हा माझ्याबद्दल बोलतोय. वाटलं, दुसऱ्या कुठल्या तरी बाई आहेत, बिचाऱ्या म्हाताऱ्या, अडखळणाऱ्या.

"हा खोटं बोलतोय," मी म्हटलं.

"बाई, शांत व्हा," टक्कलवाले साहेब म्हणाले.

"शांतच आहे मी. हा खोटं बोलतोय. मी याला विचार म्हणून विनवलं. शिपाई होता तिथे, त्याला बोलवा."

"आपल्या विद्यार्थ्याबद्दल असं बोलताय?" अध्यक्ष दुखावल्यासारखे म्हणाले. "त्याने तुमच्यावर सगळं ढकललं असतं तर गोष्ट वेगळी. तो तर आपलीही चूक मान्य करतोय. आजकाल शिक्षकांबद्दल इतका आदर राहिलाय कुठे?"

"मग माझी तोंडी आत्ता घ्या," मी उठून उभी राहिले. "इथे घ्या. तुम्ही तिघं आहात. प्रकल्प तुमच्यापुढे आहे. काय विचारायचं ते विचारा. अडखळले तर नापास करा."

टक्कलवाले साहेब हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलाने हट्ट धरल्यावर हसतात तसे. "असं नसतं बाई. नियम असतात. पुढच्या वर्षी पुन्हा प्रकल्प करा, पुन्हा तोंडीला बसा."

"पुढच्या वर्षी मला पंचेचाळीस पूर्ण होतात."

"शिक्षणाला वय नसतं," चष्मेवाल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या.

त्या बाईंच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला. अजून वाटते.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, नंतर कुणी चुकचुकायला नको. माझा निकाल रद्द झाला, पिंट्याला समज दिली. तो कायम झाला. आता विभागप्रमुख आहे, गावात सत्कारबित्कार होतात. मी पुढच्या वर्षी पुन्हा प्रकल्प लिहिला. चाळलासुद्धा नाही कुणी, एका परक्या सरांनी "छान आहे" म्हणून पास केलं. पदवी आली, वय निघून गेलं होतं. शकीलाभाभी मुख्यसेविका झाली. ती जीपमधून उतरली की आधी माझ्या सतरंजीवर येऊन बसायची आणि तिला माझ्या डोळ्यांकडे बघवायचं नाही. तिचा राग मला आठवडाभर आला, मग गेला. तिने कौतुकच केलं होतं. मी निवृत्त होईपर्यंत तिच्याच हाताखाली काम केलं. पोरांच्या रडण्याबद्दल ती एका शब्दाने कधी बोलली नाही.

पण सुनावणीच्या दिवशी आम्ही बाहेर आलो त्याचं सांगायचं राहिलं. कचेरीच्या जिन्याखाली पिंट्या माझ्या मागोमाग आला. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. "बाई," म्हणाला. मी थांबले. वाटलं, आता हा पुन्हा वाकणार. मी दोन पावलं मागे सरले.

"बाई, मुलाखत आहे हो माझी. आई थकलीय. घरात मी एकटाच मिळवता. मला काही सुचलं नाही."

"बरं."

"तुम्ही मला काहीही बोला. मारा. पण अशा गप्प राहू नका."

"मी कशाला बोलू?" मी म्हटलं. "बोलायचं तुला होतं. अजून वेळ गेलेली नाही. मला एक प्रश्न विचार."

"काय?"

"प्रश्न. मार्क नकोत, निकाल नको. इथे कुणी नाही. मी लिहिलंय त्यातलं काहीही विचार. एवढं कर, मग जा."

तो उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं. कपाळ पुसलं. माझ्याकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं. तेव्हा मला कळलं की त्याने माझ्या प्रकल्पाचं पहिलं पानही वाचलेलं नाही. त्या रविवारी वाचलं नव्हतं, सुनावणीच्या आधीही नाही. मी प्रकल्प कशावर केलाय तेसुद्धा त्याला धड ठाऊक नव्हतं. मला काही ठाऊक असू शकेल, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. आदर होता, भरपूर होता. आदर करायला वाचावं लागत नाही.

मी वाट बघत उभी राहिले. शेवटी त्याने मान खाली घातली आणि अगदी मायेने, मनापासून विचारलं,

"बाई, तुम्ही जेवलात का?"

मी एसटी स्टँडकडे चालू लागले.